तेल मी रोज बघतो

…नाही, पण मला एक सांगा, थेंब म्हणजे किरकोळ गोष्ट असं ठरवलं कोणी? घरात बघावं तर हिचं एकच, ‘अहो, एक थेंब तर आहे!’ मुलीचं तेच, ‘बाबा, एकच थेंब!’ अरे, एक थेंब म्हणजे काय? सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसभरात किती पाणी घालवतो हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो, कारण मी पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं काढली आणि ती सगळीच्या सगळी गळती शोधण्यात काढली. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, कांबेला कान लावायचा आणि खाली पाईप कुठं फुटलाय ते सांगायचं. येणारेजाणारे हसायचे, कोणी विचारायचं, काय साहेब, पाताळातून फोन आलाय का? हसू देत. खोदलं की पाणी तिथंच लागायचं. आता निवृत्त झालो तो मी झालो, कान काही निवृत्त होत नाही ना… तर मुद्दा असा, की कुठं गळतंय म्हटलं की मला आपलं स्वस्थ बसवत नाही.

तर त्या दिवशी गाडीखाली… थांबा, आधी पत्राचं सांगतो, नाहीतर गाडीचं कळायचं नाही. आमच्या मुलीला नोकरी लागली. एकुलती एक मुलगी, दोनदा परीक्षा दिलेली, तीन वर्षं वाट बघितलेली, आणि काम काय तर धरणाच्या भिंतीतून पाणी कुठं पाझरतं ते मोजायचं. म्हणजे गळती घराण्यातच म्हणा की! आता धरण इथून सहा तासांच्या रस्त्यावर. पत्रात लिहिलेलं, एक तारखेला सकाळी हजर व्हायचं, नाही झालात तर जागा यादीतल्या पुढच्या नंबराला. पत्र आलं दहा तारखेला. ती नाचली, हिने देवापुढे दिवा लावला, आणि मी त्या भरात बोलून गेलो, की बाई गं, आपली गाडी तू घेऊन जा, तिथं लागेल तुला. बोललो तेव्हा मी आनंदात होतो. म्हणजे आनंदात आहे असं मला वाटत होतं.

आता सहा तासांचा रस्ता, पोर एकटी आणि गाडी चौदा वर्षांची. म्हटलं, बघून ठेवावी. त्याच संध्याकाळी गाडीला एक लांब चक्कर मारून आणली, पार्किंगमध्ये लावली, बंद केली, लगेच बॉनेट उघडलं, तेल मोजायची ती काडी असते ना, ती ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. तेल कमी! बघा, मी नसतो बघितलं तर? डब्यातलं थोडं ओतलं. दुसऱ्या दिवशी परत चक्कर, परत काडी, परत जरा कमीच. म्हटलं म्हातारी झाली, पीत असेल. ओतलं. तिसऱ्या दिवशी तेच. आणि चौथ्या दिवशी सकाळी सहाला खाली उतरून, गुडघे टेकून गाडीखाली बघतो, तर फरशीवर थेंब. काळा, गोल, चकचकीत. मला काय वाटलं सांगू? आता हे खरं सांगायला नको, पण मला बरं वाटलं. म्हणजे काळजी वाटलीच, पण आधी बरं वाटलं.

वर येऊन जाहीर केलं, गाडी गळतेय, ह्या गाडीने मुलगी जाणार नाही. ही म्हणाली, मग दुरुस्त करा. बायकांना काय, दुरुस्त करा म्हटलं की झालं. मी जुनी कांब काढली, बॉनेटवर टेकवली, इंजिन चालू ठेवलं आणि कान लावून उभा राहिलो. तेवढ्यात ही कचरा टाकायला खाली आली, एक मिनिट माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, काय म्हणतेय ती? तुम्हाला सांगतो, काम करणाऱ्या माणसाला घरात किंमत नसते.

मग गेलो मिस्त्रीकडे. त्याला सगळे मौनी म्हणतात, अर्थात पाठीमागे. दिवसाला मोजून दहा शब्द बोलणार, त्यातले चार ‘पाना’ आणि तीन ‘बत्ती धरा’. मी त्याला गाडीखाली बोट दाखवून म्हटलं, इथून गळतंय. त्याने मान हलवली आणि म्हणाला, ‘थेंब पडतो तिथं गळत नसतं.’ अहो, मी त्याला मिठीच मारणार होतो! हेच तर मी तेहतीस वर्षं ओरडून सांगत होतो, की पाणी वर येतं तिथं पाईप फुटलेला नसतो, ते कुठून कुठून वाट काढत आलेलं असतं! इंजिनाचंही तसंच म्हणे. तेल वरून निघतं, ओघळतं, गाडी पळाली की वाऱ्याने मागे जातं, आणि पडतं भलतीकडेच. म्हणून आधी सगळं इंजिन धुवायचं, कोरडं करायचं, वरून पांढरी पावडर उडवायची, गाडी फिरवून आणायची आणि बघायचं, की पावडर सगळ्यात उंचावर कुठं भिजलीय. सगळ्यात उंचावरची ओल धरायची, खालच्या ओलीच्या नादाला लागायचं नाही. त्याच्याकडची पावडर संपलेली होती. म्हटलं थांबा, आणि घरी जाऊन मुलीच्या भरलेल्या बॅगेतून तिचा नवा कोरा पावडरचा डबा काढून आणला. इंजिनाला काय सुंदर वास सुटला म्हणता! त्यावरून घरी जे झालं ते सांगत नाही.

मिस्त्रीने काम सुरू करताना एकच विचारलं, ‘तेल?’ मी छाती काढून सांगितलं, ‘तेल मी रोज बघतो.’ त्याने मान डोलावली. बास, एवढंच बोलणं झालं आमचं.

ओल निघाली वरच्या झाकणापाशी. टॅपेट कव्हर म्हणतात त्याला, त्याच्या खालचं पॅकिंग वाळून लाकूड झालेलं. बदललं. दोन दिवस मी गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला, सकाळी सहाला, दुपारी जेवून उठल्यावर, संध्याकाळी चहाच्या आधी जाऊन बघायचो. पुठ्ठा कोरडा. आता माणसाने खूश व्हावं की नाही? पण मला आपलं स्वस्थ बसवत नाही. पुठ्ठ्यावरच विश्वास बसेना. म्हटलं कोरडा आहे, म्हणजे तेलच संपलं की काय आतलं? चक्कर मारली, काडी बघितली, कमी! ओतलं. आणि तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर थेंब. या खेपेला पुढच्या बाजूला, पट्ट्यापाशी.

मिस्त्री म्हणाला, ‘क्रँकचं पुढचं सील.’ आता सील म्हणजे काय, तर रबराची चकती असते, फिरणाऱ्या दांड्याभोवती ओठ आवळून बसलेली, तेल आत ठेवायचं आणि दांडा फिरू द्यायचा एवढंच तिचं काम. त्या रबराच्या ओठाची धार कडक झाली की ती धरून ठेवू शकत नाही. पट्टा काढला, पुली काढली, जुनं सील उचकटलं, नव्याच्या ओठाला बोटाने तेल लावलं, कारण कोरडं बसवलं तर पहिल्याच फेऱ्यात जळतं, आणि चारी बाजूंनी सारखं ठोकत ठोकत आत बसवलं. तिरकं बसलं की गेलं. मी बत्ती धरून उभा. खरं सांगतो, असं निगुतीने केलेलं काम बघितलं की मला भरून येतं.

आणि इथंच घोटाळा झाला. ताईचा फोन आला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा. तिला एका कानाने कमी ऐकू येतं आणि फोन ती नेमका त्याच कानाला लावते. काय रे, गाडी घेऊन जाणार ना पोरगी? मी म्हटलं, कुठली जातेय, गाडीला सील लावायला दिलंय. झालं! तासाभरात ताई आणि भावजी दारात. ताई पाणी प्यायच्या आधी रडायला लागली. भावजींनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, कोणी लावलं सील? कोर्टाने की पोलिसांनी? मी म्हटलं, मिस्त्रीने. ते म्हणाले, लपवू नकोस, खात्यातलं जुनं काही बाहेर आलं असेल तर सांग, आपण वकील बघू. तेहतीस वर्षं कोणाच्या चहालाही मिंधा नाही झालो हो मी! शेवटी मुलीने कागदावर इंजिनाचं चित्र काढून दाखवलं तेव्हा ताईचं रडं थांबलं, आणि मग तिने विचारलं, मग हा एवढा का घाबरलाय?

मी चहाचं बघायला आत गेलो.

तोवर बावीस तारीख. मुलीचं ठरलेलं, की चोवीसला निघायचं, आठवडाभर आधी पोचून खोली लावायची. आणि चोवीसला सकाळी थेंब. आता कुठं? इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध. मिस्त्रीने नुसतं बघितलं आणि खाली बसला. ‘मागचं सील.’ म्हणजे काय माहितीये का? ते सील गिअरबॉक्सच्या मागे दडलेलं. तळहाताएवढी ती चकती बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायचा. दोन-तीन दिवसांचं काम. मी घरी आलो, तोंड शक्य तितकं लांब केलं आणि म्हटलं, काय करणार, आता सत्तावीस-अठ्ठावीसशिवाय गाडी मिळत नाही.

तर मुलगी म्हणाली, ‘बाबा, मग मी बसने जाते.’

बसने! अहो, बस हा प्रकार असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं! मी म्हटलं, बसने कशी जाशील, सामान केवढं! सामान म्हणजे दोन बॅगा आणि एक उशी. म्हटलं, बस लागली तर? ती म्हणाली, मला आजवर कधी बस लागली नाही. म्हटलं, रस्ता वळणाचा आहे. ती म्हणाली, तो गाडीलाही वळणाचाच आहे. हिने स्वयंपाकघरातून सांगितलं, बसच बरी, निदान पोचेल तरी. मग मी आवाज जरा खाली आणला आणि म्हटलं, अठ्ठावीसपर्यंत थांब, बाबांच्या समाधानासाठी थांब. थांबली हो. तिने खोली दाखवणाऱ्या बाईंना फोन करून दिवस बदलून घेतला, आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की मी लगेच पेपर उघडला.

ते चार दिवस कसे काढले ते विचारू नका. गाडी गॅरेजात, खाली पुठ्ठा कोरडा, चक्कर मारायची सोय नाही, काडी ओढायची सोय नाही. घरातले सगळे नळ तपासले. गॅसची नळी साबण लावून तपासली. शेजाऱ्यांच्या पायपुसण्याखाली ओल दिसली म्हणून बेल वाजवली, तर त्यांनी नुकतीच फरशी पुसली होती. पण काय करणार, मला आपलं स्वस्थ बसवत नाही.

अठ्ठावीसला सकाळी मी आणि मुलगी गाडी आणायला गेलो. मिस्त्रीने आदल्या संध्याकाळी सगळं जोडून, गाडी फिरवून आणून उभी केलेली. आम्ही पोचलो तेव्हा तो गाडीपुढे उकिडवा बसला होता आणि खालून वर बघत होता. मीही वाकलो. पुढच्या सीलपाशी, त्याने स्वतःच्या हाताने बसवलेल्या नव्या कोऱ्या सीलपाशी, एक थेंब लोंबत होता. पडेना आणि परत आतही जाईना.

मिस्त्री उठला. हात पुसले. बॉनेट उघडलं आणि काडी ओढली. रात्रभर उभी असलेली थंड गाडी बरं का. त्याने काडी पुसली, परत घातली, परत ओढली, उजेडात धरली आणि माझ्या नाकासमोर आणली. काडीवर दोन खुणा असतात, खाली कमीतकमी, वर जास्तीत जास्त. तेल वरच्या खुणेच्याही वर दोन बोटं.

त्याने खालचा बोल्ट सैल केला आणि कॅन लावला. तेल पडतंय, पडतंय, पडतंय. दीड लिटर काढलं तेव्हा कुठं खुणेवर आलं. मग हवा जायची नळी असते, ती काढून उलटी केली, त्यातूनही तेलच. आणि मग मौनी मिस्त्री बोलला. वर्षभराचं एकदम बोलला.

‘साहेब, गाडी बंद केल्या केल्या काडी बघता ना तुम्ही? तेव्हा तेल वर इंजिनात असतं. खाली उतरायला वेळ लागतो. गाडी थंड होऊ द्यायची, मग बघायचं. तुम्हाला रोज कमी दिसलं, तुम्ही रोज ओतलं. आत दाब वाढला. मी एक दार बंद केलं की ते दुसऱ्या दारातून निघालं. चूक माझीही आहे, पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं. पण तुम्ही म्हणालात, तेल मी रोज बघतो. मी विश्वास ठेवला.’ कॅनचं झाकण लावलं आणि म्हणाला, ‘हिला गळतीचा रोग नाही साहेब. हिला जास्त झालंय.’

आता काय सांगू तुम्हाला! दाब! मला दाब शिकवला त्याने! ज्या माणसाने तेहतीस वर्षं वरिष्ठांना लिहून कळवलं, की सोसत नाही तेवढं आत कोंबू नका, दाब वाढतो, जोड सुटतात, त्या माणसाने स्वतःच्या हाताने, रोज नेमाने, चांगल्या मनाने… मान वर करवेना हो. आणि मुलगी बाजूलाच उभी. तिने फक्त विचारलं, ‘बाबा, पहिल्यांदा तेल कधी ओतलंत?’ मी म्हटलं, पत्र आलं त्या संध्याकाळी. ‘आणि पहिला थेंब?’ म्हटलं, त्यानंतर चौथ्या दिवशी. मिस्त्रीने पाने आवरायला घेतले, एकेक पाना दोनदोनदा पुसला बिचाऱ्याने.

घरी येताना ती चालवत होती, मी शेजारी. गाडी अशी हलकी चालली होती, की मलाच लाज वाटत होती. सिग्नलला थांबलो. समोर बघतच तिने विचारलं, ‘मी जाऊ नये असं वाटतं का तुम्हाला?’

तुम्हाला सांगतो, मोठमोठ्या साहेबांपुढे मी कधी अडखळलो नाही, तिथं अडखळलो. म्हणणार होतो, छे छे, भलतंच काय, अभिमान आहे मला तुझा. तो आहेच. पण तोंडातून आलं, ‘हो.’

‘मग तसं बोलायचं ना. तेल कशाला ओतायचं?’

मी म्हटलं, ‘बोललो असतो तर तू थांबली असतीस.’

‘नसते थांबले,’ ती म्हणाली. ‘पण मला कळलं तरी असतं.’

मागचा हॉर्न वाजवायला लागला. सिग्नल कधीचा सुटला होता.

दोन दिवस पुठ्ठा कोरडा. थंड गाडीची काडी तिने स्वतः बघितली, बरोब्बर खुणेवर. मला हात लावू दिला नाही. तीस तारखेला सकाळी निघाली. हिने बॅगा ठेवल्या, उशी ठेवली, नवीन पावडरचा डबा ठेवला आणि मग मी आणि बॉनेट यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. मला काय सांगायचं होतं, ते सगळं एका कागदावर लिहून ठेवलेलं, ब्रेक, पाणी, हवा, आरसे, कुठं थांबायचं, कुठं नाही. कागद दिला. तिने तो वाचला, घडी घातली, मला मिठी मारली आणि गेली. वळणापर्यंत दिसत होती. वर आलो, न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि रडलो. लपवत नाही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मी नळ असा उगाच वाहू दिला.

हजर झाली वेळेवर. साहेब चांगले आहेत म्हणे, खोलीत ऊन येतं म्हणे. सगळं उत्तम. आणि इथं मला आपलं स्वस्थ बसवत नाही, पण करणार काय, आता करण्यासारखं हातात काही उरलेलंच नाही ना!

आणि आज, आत्ता, तुमच्याकडे यायला निघणार तेवढ्यात तिचा फोन. ‘बाबा, गाडीखाली ओलं दिसतंय.’

अहो, मी पाच सेकंदात उभा! रंग कसा आहे? काळपट की तपकिरी? बोट लावून बघ, चिकट आहे का? वास घे! पुढं आहे की मधोमध? एका हातात फोन, दुसऱ्या हाताने बूट घालतोय, बत्ती घेतली, फडकी घेतली, हिला म्हटलं पहिली बस कितीची आहे बघ… तर तिकडून अगदी शांतपणे, ‘बाबा, पाणी आहे. एसीचं. कळतं मला तेवढं.’

म्हटलं, कळतं तर मग फोन कशाला केलास?

म्हणाली, ‘तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून.’

फोन ठेवला. ही म्हणाली, बत्ती ठेवा जागेवर. ठेवली. म्हणाली, बूट काढा, चपला घालून जा. म्हटलं, काढतो…

नाही काढले. हे बघा, पायातच आहेत. बरं वाटतंय हो खरंच, काय करणार!